एका ब्रेक शूचे चार भाव

गावडे सरांना जाऊन दीड वर्ष झालं. माणूस गेला की त्याच्यावरचा राग ओसरतो, असं सगळे म्हणतात. माझा ओसरलेला नाही. दुकानात कुणी काउंटरवर कोपर टेकून "फायनल बोला शेठ" म्हणालं की तो पुन्हा उसळतो, आणि नेमका कुणावर उसळतो तेही कळत नाही. गिऱ्हाइकावर, मिस्त्र्यांवर, सरांवर की माझ्यावरच. बायको म्हणते, एकदा काय ते लिहून काढा आणि घरात तरी नीट बोला. म्हणून लिहायला बसलोय.

सर आम्हाला आयटीआयत मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचे. बारामतीपासून इंदापूरपर्यंत रस्त्याला लागून जी गॅरेजं आणि स्पेअर पार्ट्सची दुकानं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्यांच्या हाताखालची पोरं बसलीत. पोरं म्हणायचं आपलं, सगळ्यांची पोटं सुटलीत. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. हजेरीपटावरचा नंबर हेच नाव. मी सतरा. पुढं भिगवण रस्त्याला माझं पार्ट्सचं दुकान झालं, वर लाइटचा बोर्ड लागला, लोक शेठ म्हणायला लागले, तरी सर रस्त्यावरूनच ओरडायचे, "ए सतरा, हायस का आत?" दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असायची. मला ते अजिबात आवडायचं नाही.

उंचीनं बेताचे, अंगानं वाळके. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर, म्हणजे पार्टची जाडी मोजायची पट्टी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते व्हर्नियर खिशात असायचं. एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते कपाटात ठेवून दिलं, तर सर त्या लग्नालाच गेले नाहीत. चिडले की मानेपासून कानापर्यंत लाल व्हायचे, आणि दिवसातून चार वेळा तरी व्हायचे. भांडणात मास्तरांची शुद्ध भाषा गळून पडायची आणि मोरगावची बोली वर यायची.

मूळचे ते मोरगावकडचे. कोरडवाहू जमीन, ज्वारी-बाजरी आणि चार शेळ्या. आई बाजारात शेळी विकायला न्यायची. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. आईच्या हातात पैसे पडायचे, पण शेळी खरी कितीला गेली, हे तिला जन्मात कधी कळलं नाही. सरांनी ही गोष्ट आम्हाला वर्गात एकदाच सांगितली, आणि सांगता सांगताच एवढे भडकले की तास अर्धा सोडून बाहेर निघून गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या, तास सुटला म्हणून.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी कसलाही भाव सांगितला, मग तो पिस्टनचा असो नाहीतर कोथिंबिरीच्या जुडीचा, की सर हात पुढं करून म्हणायचे, "भाव सांगितलास. आता कारण सांग." मंडईतल्या बायका त्यांना बघून तोंड फिरवायच्या.

त्यांचा एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. टेबलावर ब्रेक शूचे चार जोड मांडले होते. शू म्हणजे चाकाच्या ड्रममध्ये बसणारा अर्धगोल तुकडा. त्याच्यावर लायनर चिकटवलेलं असतं. ब्रेक दाबला की ते लायनर ड्रमला आतून घासतं आणि गाडी थांबते. प्रत्येक जोडाशेजारी त्याचा डबा. सर म्हणाले, भाव लावा. आम्ही लावले. चकचकीत डब्यातला सगळ्यात महाग, पुठ्ठ्याच्या साध्या डब्यातला सगळ्यात स्वस्त. मग त्यांनी डबे उचलून खाली ठेवले, जोडांची अदलाबदल केली आणि म्हणाले, आता लावा. चोवीस जणांपैकी एकालाही जमलं नाही.

"म्हंजी तुमी डब्याचा भाव लावला, शूचा न्हाय!" सर ओरडले. "ह्यो पहिला आन ह्यो दुसरा. साच्याचा नंबर बघा. एकाच कारखान्यातले सख्खे भाऊ हायती. गाडीची कंपनी शू बनवत न्हाय. दुसऱ्याकडनं बनवून घेती आन आपल्या डब्यात घालून महाग इकती. तोच कारखानदार तोच माल सोताच्या डब्यात घालून स्वस्तात देतो. हा तिसरा दुसऱ्या कारखान्याचा. लायनर हलकं हाय, लवकर झिजंल, पर त्याच्या डब्यावर त्याचंच नाव हाय. खोटं बोलत न्हाय. आन ह्यो चौथा. डबा पहिल्याचा, माल कुणाचा त्ये देवाला ठावं. ह्यो चोर हाय."

त्यांनी चारही शू एकेक करून टेबलाच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरले आणि लायनरच्या कडेला छिन्नी लावून हातोडा मारला. पहिल्या तिन्हींना हाणून हाणून सर घामाघूम झाले. चौथ्याचं लायनर एका ठोक्यात सुटून आमच्या पायाशी येऊन पडलं.

हा माणूस भाबडा होता असं कुणी समजू नये. सगळीकडं एकच भाव पाहिजे, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. "महाग इकणं गुन्हा न्हाय," ते सांगायचे. "रविवारी शटर उघडून दिलंस, ज्यादा घे. पुण्यावरनं पार्सल मागवलंस, ज्यादा घे. उसाच्या सीझनला ट्रॉलीचं बेरिंग सगळ्यांनाच आजच्या आज लागतं, तू आधी पैसे गुंतवून साठा करून ठेवलास, त्येचं बी घे. एखाद्याकडं जुन्या भावातला माल शिल्लक असंल, त्यो स्वस्त देईल. फरक पडणारच. पर इचारल्यावर गिऱ्हाइकाच्या तोंडावर कारण सांगता आलं पायजे. जे तोंडावर सांगता येत न्हाय त्ये कारणच न्हाय, ती लबाडी." आम्ही हे सगळं वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला आलं नाही, म्हणून विसरलो.

धंद्यात पडल्यावर मी जो पहिला प्रश्न शिकलो तो "कुठली गाडी?" हा नव्हता. "कुठल्या गॅरेजवरनं आलात?" हा होता. तुमच्यापैकी ज्यांनी कधी पार्ट आणायला माणूस पाठवलाय त्यांनी आठवून बघा, दुकानदार आधी हेच विचारतो. मिस्त्री चिठ्ठीवर पार्ट लिहून गिऱ्हाइकाला पाठवतो. आम्ही पार्ट देतो, चिठ्ठीच्या मागं भाव टाकून ती परत देतो, आणि त्या भावात मिस्त्र्याचा वाटा आधीच धरलेला असतो. चिठ्ठी न घेता आलात, थोडे हुशार दिसलात, तर तोच पार्ट स्वस्त. दोन दुकानं पुढं गेलात तर तिसराच भाव, कारण तिथं मिस्त्र्याचा वाटा वेगळा. हे माझं कारण. ते मी कुणाच्याही तोंडावर कधी सांगितलेलं नाही.

आणि गिऱ्हाईक तरी काय धुतल्या तांदळाचं? ऐंशी हजाराचा मोबाइल हातात धरून ते ब्रेकमध्ये दीडशे रुपये कमी करा म्हणतं. "साधा द्या, चालतंय" म्हणतं. काय चालतंय? कुणाला विचारून चालतंय? असो. माझा विषय सर आहेत.

सर रिटायर झाले आणि आमच्या मागं लागले. म्हणजे त्यांच्या मनात तसं नव्हतं. त्यांच्या स्कूटरची क्लच केबल तुटली, एवढंच निमित्त. ते एका दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. तो काउंटरवरून उतरला, पाया पडला, चहा मागवला, केबल काढून दिली आणि पैसे घेईना. सर दुसऱ्या दुकानात गेले. तिथंही तेच. तिसऱ्यानं पैसे घेतले, पण खरेदीच्याही खालचे. चौथा मी.

"केबल कितीला?" सर.

"घेऊन जावा की सर. तुमच्याकडनं काय घ्यायचं?"

"म्हंजी केबलची किंमत माझ्याकडं बघून ठरती व्हय?"

"तसं न्हाय सर, तुमी आमचे…"

"मी कुणी न्हाय! मी गिऱ्हाईक हाय! दिवसभरात एकानं मला भाव सांगितला न्हाय. समदे पाया पडत्यात. मला पाया पडून घ्यायचं न्हाय, मला भाव पायजे!"

त्यांनी शंभराची नोट काउंटरवर आपटली, केबल तिथंच टाकली आणि निघून गेले. पुढचे आठ दिवस ते क्लचला सुतळी बांधून स्कूटर चालवत होते. आख्ख्या बारामतीत हसं झालं. मीही हसलो. त्यांचं म्हणणं काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं, पण कळलं असं दाखवणं परवडणारं नव्हतं.

मग त्यांना नादच लागला. सकाळी स्कूटर काढायची, एखाद्या विद्यार्थ्याच्या दुकानात जायचं, स्टुलावर बसायचं आणि ऐकायचं. आम्ही माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकमेकांना सावध करायला लागलो. "सर निघाले." "सर भिगवण रोडला." "सर आमच्यात बसलेत, वाचवा." ते बसलेले असले की आम्ही गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलायचो किंवा भाव कागदावर लिहून दाखवायचो. रुमालाखाली बोटं दाबण्यात आणि ह्यात काही फरक नाही, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मला हे आत्ता लिहिताना सुचतंय, आणि स्वतःचीच चीड येतेय.

एकदा ते एसटीनं इंदापूरला गेले. तिथं आमच्यातल्या नऊ नंबरचं दुकान अगदी हायवेला लागून आहे. सर दहा वाजता जाऊन बसले. तासाभरात एकाच कंपनीचा हेडलाइटचा बल्ब तीन जणांनी घेतला. गावातल्या ओळखीच्या माणसाला एक भाव, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला दुसरा, आणि तमिळनाडूच्या ट्रकवाल्याला दुप्पट. ट्रकवाला गेल्यावर सरांनी हात पुढं केला. "कारण सांग."

नऊ नंबर आमच्यापेक्षा रोखठोक. तो म्हणाला, "त्यो परत हितं येणार हाय का सर?"

सरांनी पुढं केलेला हात खाली घेतला. म्हणाले, "हे खरं बोललास. आजवर कुणी बोललं न्हाय. खोक्याचा पुठ्ठा दे एक." आणि त्यांनी मार्करनं त्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जो परत येणार नाही त्याला दुप्पट.' दोरी ओवून स्वतःच्या हातानं काउंटरवर टांगलं. नऊ नंबर हसत होता. सर हसत नव्हते. तिथून ते उठले ते पाच वाजताच्या गाडीला. सर एसटीत चढेपर्यंत पाटी तशीच होती, आणि नऊ नंबर सांगतो, त्या दिवशी हायवेवरच्या एकाही गिऱ्हाइकाला त्याला दुप्पट भाव सांगता आला नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

जळोचीला सरांच्या घरासमोर सुमनताई राहतात. नवरा साखर कारखान्यात सीझनपुरता कामाला, बाकीचे महिने घरी. सुमनताई शाळेची व्हॅन चालवतात. सरांना त्या आबा म्हणायच्या. गाडी चालवायला त्यांना सरांनीच शिकवलं, बॉनेट उघडून तेल-पाणी बघायलाही. जळोचीतली अकरा मुलं सकाळी शाळेत सोडायची आणि दुपारी आणायची. घर त्यावरच चालायचं.

शाळा सुरू व्हायच्या आधी मागच्या चाकातून खरखर यायला लागली. बापू मिस्त्रीनं चाक उघडून बघितलं आणि नव्या ब्रेक शूची चिठ्ठी दिली. बापूही आमच्याच बॅचचा, पाच नंबर. पार्ट कुठून आणू, असं सुमनताईंनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "सतराकडं जा. दुकान मोठं हाय, माल खरा असंल. पर माझं नाव घिऊ नगं. माझं नाव घेतलंस की भाव बदलतो." हे मला नंतर कळलं.

सुमनताई माझ्या दुकानात आल्या तेव्हा गर्दी होती. पुरुषांच्या मागं गाडीची किल्ली हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "कुठल्या गॅरेजवरनं?" त्यांनी चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक छोटीशी फुली होती.

ती फुली काय ते सांगतो. हे आम्ही पोरांनी शोधलेलं. फुली म्हणजे भाव वरच्या मालाचा लाव, माल खालचा दे, मधला फरक मिस्त्र्याचा आणि माझा. ओळखीच्या, तक्रार करणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर फुली नसते. बाईमाणसाच्या, नवख्याच्या, दूरच्या माणसाच्या चिठ्ठीवर असते. त्यासाठी कंपनीचे रिकामे डबे आम्ही फेकत नव्हतो. काउंटरखाली रचून ठेवलेले असायचे. मी खाली वाकलो, डबा घेतला, त्यात शूचा जोड घातला आणि चिठ्ठीच्या मागं कंपनीचा भाव टाकला. सुमनताईंनी विचारलं, "वरिजनल हाय ना, शेठ? पोरांची गाडी हाय." मी म्हणालो, "डबा बघा की, ताई."

जुलैमध्ये कालव्याच्या पुलावर व्हॅनचं मागचं चाक जाम झालं. लायनर शूवरून सुटून ड्रममध्ये अडकलं होतं. गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याला घासत जाऊन थांबली. कठडा नवीन होता म्हणून ठीक. एका मुलीचे पुढचे दोन दात पडले, एकाच्या कपाळाला टाके पडले, बाकीची घाबरून ओरडत होती. खाली कालवा भरून वाहत होता.

दुसऱ्या दिवशी एकाही घरानं मूल पाठवलं नाही. बाईला गाडी चालवता येत नाही, असं सगळ्यांचं मत झालं. व्हॅन सरांच्या अंगणात आणून लावली. सरांनी स्वतः चाक उघडलं. ड्रममधून लायनर निघालं, आख्खं, न झिजलेलं, मागं डिंकासारखं काहीतरी लागलेलं. त्यांनी सुमनताईंकडून चिठ्ठी मागून घेतली आणि स्कूटरवरून थेट माझ्याकडं आले. आले ते नंबर न पुकारता. लायनर आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि फुलीवर बोट ठेवून विचारलं, "ह्ये काय हाय?"

आम्हाला बेरिंगमधला बारीक बॉलसुद्धा ज्यांनी शिकवला त्यांना ही फुली माहीत नव्हती. मी टाळाटाळ केली. "मी धाडलं व्हतं तिला तुझ्याकडं!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. मग मीही ओरडलो. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. मी म्हणालो, "समदेच करत्यात सर! बापूला इचारा, समद्यांना इचारा! आन तुमी पाठवलं व्हतं तर बाईनं तुमचं नाव का न्हाय सांगितलं? नाव सांगितलं असतं तर खरा माल दिला असता की मी!"

"म्हंजी खरा माल व्हता तुझ्याकडं?"

"व्हता."

"कुठं व्हता?"

मी वर बोट केलं. त्यांच्या डोक्याच्या वरच्याच फळीवर होता. सरांनी मान वर करून तिकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काउंटरला धरून स्टुलावर बसले. म्हणाले, "मीच सांगितलं तिला, नाव घिऊ नगं म्हणून." त्यांच्या कानांची लाली उतरून चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

जाताना म्हणाले, "रविवारी सकाळी माझ्या अंगणात ये. पोरांचे आईबाप येणार हायती. त्यांच्या म्होरं येवढंच सांग, शू तू दिलास आन कसला दिलास. बाईचा दोष न्हाय म्हणून सांग. त्या बाईचं घर त्या गाडीवर हाय." मी येतो म्हणालो. खरंच जाणार होतो.

शनिवारी बापूचा फोन आला. "तू तितं जाऊन फुलीचं बोललास, तर सोमवारपासनं तालुक्यातल्या एका बी गॅरेजची चिठ्ठी तुझ्याकडं येणार न्हाय. बघ बाबा, तुझं तू."

मी रविवारी दुकानात बसून राहिलो. शटर अर्धं खाली ओढून. दुपारपर्यंत सरांचा फोन येईल असं वाटत होतं. आला नाही. मी काय केलं ते मी स्वतःला रोज सांगतो, आज पहिल्यांदा लिहितोय. भीती वाटली म्हणून नाही गेलो. त्याला दुसरं कारण नाही.

अंगणात काय झालं ते सुमनताईंच्या नवऱ्यानं मला नंतर ऐकवलं, आणि ऐकवताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सर बराच वेळ रस्त्याकडं बघत थांबले. मग उठून म्हणाले, "शू माझ्या इद्यार्थ्यानं दिला. त्या दुकानात बाईला मीच धाडलं. चूक माझी हाय, तिची न्हाय." लोकांनी विचारलं, दुकान कुठलं? सरांनी नाव सांगितलं नाही. पुन्हा पुन्हा विचारलं तरी नाही. ज्या माणसानं आयुष्यभर झाकून ठेवलेल्या भावावर दात खाल्ले, त्यानं माझं नाव झाकलं. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणी मागितली होती ही मेहेरबानी? त्यांनी नाव घेतलं असतं, लोकांनी येऊन दुकान फोडलं असतं, तर मी आज तरी मोकळा असतो.

एक बाप म्हणाला, "तुमच्यावर इस्वास हाय सर. पर गाडी तुमी चालवत न्हाय."

"मग मी गाडीत बसतो," सर म्हणाले.

आणि बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे गेलेले. सकाळी सातला सुमनताईंच्या शेजारच्या सीटवर, दुपारी पुन्हा, शनिवारीही. आधी पाच मुलं आली, महिन्याभरात अकराही. ज्या मुलीचे दात पडले होते तिला सर पुढं आपल्याजवळ बसवायचे. मी सकाळी शटर उघडायच्या वेळी व्हॅन दुकानावरून जायची. सर समोर बघत बसलेले असायचे. एकदाही त्यांनी मान वळवली नाही.

मी रिकामे डबे मागच्या बोळात नेऊन जाळले. फुलीची चिठ्ठी आली की परत पाठवायला लागलो. बापूनं सांगितलं तसंच झालं, चिठ्ठ्या थांबल्या. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मी भाव छापून भिंतीवर लावले. सरांना हे कुणीतरी सांगेल, मग ते येतील, स्टुलावर बसतील, काहीतरी खोट काढून ओरडतील, अशी मी वाट बघत होतो. बाकी सगळ्यांच्या दुकानात जाऊन ते भांडायचे. माझ्याच दुकानात आले नाहीत. ह्याचा मला भयंकर राग होता. पोराला मारल्यावरसुद्धा बाप दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावतो.

असं वर्षभर चाललं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत व्हॅन माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. सरांना मी पाहिलं ते हे शेवटचं. सुमनताई उतरल्या. सर गाडीतच बसून राहिले, काच खाली केलेली, मांडीवर हात. सुमनताई म्हणाल्या, "मागच्या चाकाचे शू दावा." दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी वरच्या फळीवरचा जोड काढला. भाव सांगितला. माझी खरेदी किती, वर माझे किती, तेही सांगितलं. ह्यापेक्षा कमी भावात तो माल बारामतीत कुणी देऊ शकत नव्हतं. सुमनताई डबा घेऊन गाडीकडं गेल्या. सरांनी शू काढून हातात घेतला, उलटून पालटून बघितला, लायनरवरून अंगठा फिरवला. त्या दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मी काउंटरच्या बाहेर येऊन उभा होतो.

सुमनताई परत आल्या आणि त्यांनी डबा काउंटरवर ठेवला.

"माल खरा हाय म्हणत्यात आबा. भाव बी बरुबर हाय म्हणत्यात."

"मग?"

"दुसरीकडनं घिऊ म्हणत्यात."

सर गाडीतून उतरले. दाराला धरून, हळूहळू. सुमनताईंनी त्यांचा हात धरला आणि दोघांनी रस्ता ओलांडला. समोर एक नवीन दुकान झालंय. मी दारात उभा राहून बघत होतो. त्या दुकानदारानं काउंटरवर डबा ठेवला आणि भाव सांगितला. तो माझ्यापेक्षा महाग असणार हे मला माहीत होतं. आमच्यात एकाकडं माल संपला की दुसऱ्याकडून उचलायचा आणि वर आपले चढवून विकायचा, अशी रीत आहे. त्याच शूचे दोन जोड त्याचा माणूस सकाळीच माझ्याकडून घेऊन गेला होता. सरांनी शू हातात घेऊन बघितला आणि होकाराची मान हलवली. सुमनताईंनी पर्स उघडली आणि त्यानं सांगितले तेवढे पैसे दिले.